पाकिटावर कुणाचं नाव?

कोरेगावहून पहाटेच्या गाडीने निघालो, तेव्हा कमलवहिनींच्या मांडीवर घेवड्याची पिशवी होती आणि ती वाशी येईपर्यंत त्या खाली ठेवणार नव्हत्या. "नमुना हाय. सांडला तर दाखवायचं काय?" असं त्यांचं म्हणणं.

वहिनी आमच्या शेजारच्या आणि धंद्यातल्या भागीदार. वाघ्या घेवडा (तांबड्या रेघांचा राजमा) शेतकऱ्यांकडून पारखून घेणं, बियाणं राखणं ही कामं त्यांची. मी मोबाइलवर व्हिडिओ करते आणि विकते. चार वर्षांत लोक मला 'घेवडेवाली मनीषा' म्हणून ओळखू लागले. आता नवी मुंबईतले एक व्यापारी, जयंतीशेठ, आमचा माल चाळीस दुकानांत ठेवायला तयार होते. अट एकच होती: पाकिटावर माझं नाव आणि माझा फोटो. आमच्या कंपनीचं नाव 'वसनाकाठ', वसना ही आमची नदी. ते नाव ठेवायचं की माझं, हे त्या दिवशी ठरवायचं होतं.

पनवेल मागे पडलं आणि उजव्या हाताला खारघरचे डोंगर दिसू लागले. दुसऱ्या बाजूला इमारतींच्या फटीतून खाडीचं पाणी मध्येच चमकून जाई. वाशी आली असं समजून मी घाईने वहिनींना उतरवलं, ते जुईनगरला. पुढचा रस्ता आम्ही उन्हात चालत काढला. वहिनींनी पिशवी डोक्यावर घेतली.

दाणाबाजारात पाठीवर पोतं घेतलेला एक माथाडी आमची भाषा ऐकून थांबला. "सातारकडच्या का वं?"

"कोरेगावच्या."

"आमी खटावचं. काय आणलंय, घेवडा? दावा की." मूठभर दाणे तळव्यावर घोळवून तो म्हणाला, "आरं, ह्यो तर खरा वाघ्या!" आणि आम्हाला थेट जयंतीशेठच्या गाळ्यापर्यंत पोचवून गेला.

शेठनी चहा सांगितला आणि तयार करून ठेवलेलं पाकीट पुढे सरकवलं. 'मनीषाताईंचा घेवडा.' वर हसणारी मी. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं.

"पब्लिकला चेहरा पाहिजे, ताई," शेठ म्हणाले. "कंपनीचं नाव कोण लक्षात ठेवतो? नेरूळजवळ सारसोळे गावात जेवून या, जनाबाईंची खाणावळ आहे. एकदम फेमस. नुसत्या नावावर चालते. मग येऊन हो म्हणा, आजच छापायला टाकतो."

वहिनींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "झ्याक दिसतीस," एवढंच म्हणाल्या.

रिक्षा नेरूळच्या उंच सोसायट्यांमधून गेली आणि एका वळणावर रस्ताच बारीक झाला. दारादारांत जाळी वाळत होती, सुकटीचा वास येत होता. खाणावळीच्या बोर्डावर जनाबाईंचं नाव आणि मोठा फोटो. त्या स्वतः दारातच खुर्चीवर बसलेल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"या गो बाय. निवट्या (चिखलातले मासे) हाईत, खाशाल ना?"

आत त्यांची सून दर्शना चुलीपाशी होती. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि निवट्यांचं कालवण वाढलं. आंबट-तिखट, जिभेवर रेंगाळणारं. "सासूबाईंनी शिकवलं," ती म्हणाली. "सात वर्षं झाली, आता मीच करते."

आम्ही जेवत असताना जनाबाईंचा हात ठणकू लागला आणि त्या जरा आडव्या व्हायला आत गेल्या. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पाच-सहा जणांचं कुटुंब दारापर्यंत आलं. "जनाबाई नाहीत?"

"झोपल्यात. जेवण तयार आहे, बसा ना," दर्शना म्हणाली.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "नको, मग पुन्हा येऊ." गाडी निघून गेली. दर्शना हातात डाव घेऊन तशीच उभी.

"अवो, ह्ये कालवन हिनंच केलंय की!" वहिनी दाराकडे बघून ओरडल्या, पण ऐकायला कुणी नव्हतं.

आवाजाने जनाबाई उठून आल्या. "गेली ना? डाक्तर बोलतो झोपून रावा. पन खुर्ची रिकामी दिसली का लोका परत जातान. सूनंच्या हाताला माज्यापरीस चव हाय, पन सांगू कोनाला?"

"मग बोर्ड बदला ना, मावशी," मी म्हणाले.

"आता लय उशीर झाला." त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

मला माझा टायफॉइड आठवला. तीन आठवडे व्हिडिओ बंद पडले, तशी मागणीही बंद पडली. माल निवडणाऱ्या बायका शेडमध्ये रिकाम्या बसून होत्या.

बाहेर येऊन मी विचारलं, "वहिनी, सकाळी तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"तुला फोटो आवडला व्हता."

"तरी बोलायचं."

"मग आता बोलते. उद्या तू लेकीच्या कॉलेजापायी पुण्याला गेलीस, तर आमी काय तुजा फोटो विकायचा?"

आम्ही रिक्षा पकडून परत शेठच्या गाळ्यावर गेलो.

"पाकिटावर 'वसनाकाठ'च," मी बसायच्या आधीच सांगितलं. "व्हिडिओ मी करत राहीन. पण विकायचा तो घेवडा, मी नाही."

शेठ नाराज झाले. "मग चाळीस दुकानं विसरा. पाच देतो. तीन महिन्यांत चाललं तर पुढचं बोलू."

तरी मी "चालेल" म्हणाले.

"आणि हा शिजायला किती वेळ घेतो?" त्यांनी सवयीने मलाच विचारलं. उत्तर वहिनींनी दिलं: रात्रभर भिजवायचा, मीठ शेवटी घालायचं, आणि कुठल्या रानातला घेवडा लवकर मऊ होतो तेही. शेठ पहिल्यांदाच खुर्ची वळवून त्यांच्याकडे बघत बसले.

रात्री साताऱ्याच्या स्टँडवर कोरेगावची गाडी बघत उभ्या होतो, तर एक बाई जवळ आल्या. "तुम्ही त्या घेवडेवाल्या ना? व्हिडिओतल्या?"

ओळखलं की अजूनही मनाला गुदगुल्या होतात, त्याही दिवशी झाल्या. "हो," मी म्हणाले, "आणि या कमलवहिनी. घेवडा यांच्या पारखीचा." बाई वहिनींकडे वळल्या आणि बियाण्याचं विचारू लागल्या. गाडी लागली तरी दोघींचं बोलणं संपेना.

त्या पाच दुकानांपैकी तिघांनी पुन्हा माल मागवला, दोघांनी नाही. चाळीसचा आकडा अजून लांब आहे. मी गावात नसताना वहिनी एखादं पोतं वाशीला रवाना करतात आणि ते मला दोन दिवसांनी कळतं. सुरुवातीला हे जरा टोचायचं. आता तेवढं काम माझ्याविना झालं म्हणून मी दुसरं काढते.