भोयरकाकांचं स्टँडबाय

भोयरकाका बीपी मोजायला बसले की आधी केस विंचरायचे, शर्टाची बटणं लावायचे. जसं मशीन नाही, जीएमसाहेब येऊन राहिले. काकू म्हणायच्या, "फोटो नाही काढून राहिले तुमचा. दंड आवळून राहिले."

काका जन्मभर भिलाईच्या प्लांटात, कंट्रोल रूममध्ये. रिटायर झाल्यावर सेक्टरातलंच क्वार्टर लीजवर घेतलं. मी शेजारच्या क्वार्टरातला. त्यांचा आवाज मी असा काढायचो की काकू आतून चहा घेऊन यायच्या. काका चिडायचे नाहीत, सुधारायचे. "अबे, थोडा खर्जात जा. मी सीनियर ऑपरेटर होतो, बाबू नाही."

त्यांना चक्कर आली तेव्हा दुर्गच्या दवाखान्यानं ही मशीन घरी दिली. दंडाला पट्टा बांधा, बटण दाबा, आकडा आपोआप मोबाइलवर आणि तिथून दवाखान्यातल्या सिस्टरच्या स्क्रीनवर. लिमिटमध्ये असला तर हिरवा, वर गेला तर लाल. लाल दिसला की सिस्टरचा फोन, मग डॉक्टर गोळी बदलणार. उठसूट दुर्गला जायची कटकट नाही. सोय छानच. फक्त तोच आकडा पुण्याला त्यांच्या मुलाला, नितीनलाही दिसायचा. आणि नितीननं बजावलं होतं, "आता पुन्हा लाल आला तर तुम्हाला पुण्याला घेऊन येतो. क्वार्टर सोडायचं."

काकांना ती जन्मठेप वाटायची. "बाराव्या माळ्यावर मी काय करू बे? कबुतरं मोजू?"

एका सकाळी मी त्यांच्याकडेच बसलो होतो, तर काकांना डोकं जड वाटलं. आता लाल येणार, हे त्यांनी ओळखलं. इन्स्पेक्शनच्या दिवशी मशीन बिघडली तर साहेबाला स्टँडबायवालीचं, म्हणजे राखीव मशीनचं, रीडिंग दाखवायचं, ही त्यांची जुनी रीत. घरात स्टँडबाय म्हणजे काकू. "हे तर लोखंड आहे. आजपर्यंत एक गोळी नाही खाल्ली."

काकूंनी एक हात पट्ट्यात दिला, दुसऱ्यानं तांदूळ निवडत बसल्या. आकडा आला. लाल. काकांचा कधी नव्हता इतका.

"मशीनच खराब आहे," म्हणत काकांनी माझा हात घातला. हिरवा. पुन्हा काकूंचा. लाल.

फोन वाजला. "अंकलजी, लाल, हरा, फिर लाल! ये क्या चल रहा है? सिर में दर्द है क्या?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "डोकं दुखते का तुयं?"

"ते तर कधीचं दुखते. तुमच्यासंगं राहून दुखणार नाही तं काय!"

मी खुणेनं म्हटलं, द्या फोन, तुमच्या आवाजात सगळं ठीक सांगतो. काकांनी माझा हात झटकला.

"मॅडम, वो हाथ मेरा नहीं है. मिसेस का है." मग काकूंचा पट्टा सोडत म्हणाले, "मेरा अलग से लाल है."

त्याच दिवशी काकूंच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवडाभरात नितीन आला. आता पेशंट दोन होते, वादच संपला.

दुर्ग स्टेशनवर पुण्याच्या गाडीपाशी मी पाया पडलो, तर काकांनी मला बाजूला ओढलं. "पोट्ट्या, कॉलनीत नीट सांगजो. मले कोणी घेऊन नाही चाललं. पेशंट तुयी काकू आहे. मी अटेंडंट."

आणि काकूंची पर्स खांद्याला अडकवून डब्यात चढले.