मला न विचारता घेतलेला विमा

कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून असलेल्या एका सोसायटीत आम्हाला फ्लॅट पसंत पडला होता. मी न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघते, नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात सुपरवायझर. दोन पगार, आणि आमच्या समजुतीप्रमाणे डोक्यावर एकही कर्ज नाही. होम लोनच्या साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट उघडला आणि अपशकुनी एक्स-रे बघितल्यासारखा चेहरा केला.

"मॅडम, तुम्ही डिफॉल्टर आहात."

दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट असेल, असं मी म्हणाले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. नाव माझं, जन्मतारीख माझी. खाली लिहिलं होतं, की माझं एक कर्ज बुडीत निघालं आणि बँकेने ते कुठल्याशा कंपनीला विकलं. त्या कंपनीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. तिच्याकडे मात्र माझी बरीच माहिती होती.

अब्बांच्या बायपाससाठी काही वर्षांपूर्वी मी पर्सनल लोन घेतलं होतं. ते मुदतीआधी फेडलं, कर्ज संपल्याचं पत्र घेतलं आणि येताना मिठाईही आणली. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की बँकेला माझ्या मरणाची फार काळजी होती. म्हणून तिने माझ्या नावावर विमा उतरवला होता. मरणाचा विषय काढून माझं मन दुखवायचं नव्हतं, म्हणून असेल, पण मला विचारलं नाही. प्रीमियम एकरकमी होता. तेवढे पैसे बिचारीकडे कुठून असणार, हाही विचार बँकेनेच केला आणि त्यासाठी मला वेगळं छोटं कर्ज दिलं. दोन्हींचा हप्ता एकत्र कापला जायचा. मोठं कर्ज मी संपवलं, छोटं मागे राहिलं. मग मी नोकरी बदलली, जुनं पगाराचं खातं रिकामं झालं, आणि नोटिसा आमच्या ऐरोलीच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर जात राहिल्या.

म्हणजे मी वेळेत मेले असते, तर विम्यातून सगळं सुरळीत पार पडलं असतं. जिवंत राहून मी घोळ घातला.

होम लोनच्या अर्जावरून नवा पत्ता कळला असावा. एका रविवारी त्या कंपनीचा वसुलीवाला घरी आला. आम्ही बाजारातून परतलो तेव्हा अब्बा त्याला चहा पाजत होते. पाहुण्याला चहा विचारायचाच, मग तो कुणीही असो, ही त्यांची मुरूडची सवय. अर्ध्या रकमेत सेटलमेंट करून देतो, असं त्याने सांगितलं होतं, आणि अब्बांनी आपल्या बचतीचं पासबुक काढून ठेवलं होतं.

"माझ्या छातीपायी तुझं नाव खराब झालं," अब्बा म्हणाले. "मी भरतो. विषय संपव."

"अब्बा, हे आपलं देणं नाहीच."

"मग त्यांच्या कागदावर कसं आलं?"

मी वसुलीवाल्याला दार दाखवलं आणि पासबुक माझ्या कपाटात ठेवलं. अब्बा रात्री जेवायला आमच्यात बसले नाहीत.

मग मी तक्रारी सुरू केल्या. बँक म्हणाली, ते कर्ज आता आमचं नाही. कंपनी म्हणाली, विमा आम्ही विकलेला नाही. विमावाले म्हणाले, पैसे बँकेने भरले, बँकेला विचारा. तिघंही खरं बोलत होते, त्यामुळे त्यांच्याशी भांडणंसुद्धा अवघड होतं. शेवटी मी विम्याच्या फॉर्मची प्रत मागवली. त्यावर माझी सही नव्हती, आणि वारस म्हणून माझंच नाव होतं. मी मेल्यावर पैसे घ्यायला मीच जायचं होतं.

ही प्रत जोडून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली, तशी बँक एकदम मऊ झाली. चूक लेखी मान्य केली, पूर्ण प्रीमियम परत करतो म्हणाली. मी पैशांची वाट बघत बसले. आले नाहीत, म्हणून फोन केला. रिफंड झालाय, असं उत्तर मिळालं. तो त्यांनी कंपनीला पाठवला होता, माझ्या कर्जात जमा करायला. मी न घेतलेल्या विम्याचे पैसे मी न घेतलेल्या कर्जात गेले होते, आणि मी आभार मानावेत अशी अपेक्षा होती. मधल्या काळाचं व्याज आणि दंड कंपनीने मोठ्या मनाने सोडून दिला आणि रिपोर्टवर 'सेटल्ड' लिहिलं. क्रेडिटच्या दुनियेत याचा अर्थ, कमी पैसे देऊन सुटलेला माणूस. माझा स्कोअर जागचा हलला नाही.

वाशीच्या ब्रँचमध्ये गेले, तेव्हा अब्बा हट्टाने सोबत आले. मी मॅनेजरना विचारलं, "विमा चुकीचा होता, हे तुम्ही लिहून दिलंय. मग त्याच्यासाठीचं कर्जही चुकीचं. जे मी घेतलंच नाही, ते मी थकवलं कसं?"

ते म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण सिस्टिममध्ये ऑप्शनच नाही. कर्ज फेडलेलं दाखवता येतं, सेटल्ड दाखवता येतं, बुडीत दाखवता येतं. नव्हतंच, असं दाखवता येत नाही.

"साहेब," अब्बा हळू आवाजात म्हणाले, "तिचं नाव टाकायला ऑप्शन कुठून मिळाला?"

मॅनेजरनी आमच्यासाठी पाणी मागवलं. बँकेत माझ्यासाठी मागवलेली ती पहिली गोष्ट.

मी तक्रार पुन्हा उघडायला लावली. बऱ्याच पत्रापत्रीनंतर बँकेने ते कर्ज कंपनीकडून परत घेतलं, रद्द केलं आणि रिपोर्टवरची नोंद काढायला सांगितली. एके दिवशी ती ओळ गायब झाली. माफीची ओळ काही कुठे आली नाही. तोवर बोनकोड्याचा फ्लॅट दुसऱ्याने घेतला होता. आम्ही नंतर उलव्यात घेतला, आधीच्यापेक्षा लहान.

नवा रिपोर्ट मी अब्बांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बोट फिरवत वाचला.

"म्हणजे आपण कुणाचं काही लागत नव्हतो?"

"नाही, अब्बा."

त्यांनी मुरूडला भावाला फोन लावला. वसुलीवाला येऊन गेल्यापासून ते भावाशी बोलले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बँकेचं नावही त्यांनी काढलं नाही. सुरमई कशी चाललीय, हे विचारत बराच वेळ बोलत राहिले.