सवाष्णींचा अ‍ॅरे

पॉलिटेक्निकच्या पोरांना मी अनेक वर्षं प्रोग्रामिंग शिकवलं, पण सगळ्यात हट्टी विद्यार्थी मला घरातच मिळाला. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी सी भाषा शिकायला घेतली. सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसायचे आणि मी एक वाक्य बोलले की दोन शंका काढायचे.

फंक्शनपर्यंत गाडी नीट चालली. फंक्शन म्हणजे नेमून दिलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा. त्याला एखादा आकडा दिला तर त्याच्या हाती नक्कल जाते. त्याने तिच्यावर कितीही खोडाखोड केली तरी मूळ आकडा जिथल्या तिथे. अ‍ॅरेचं तसं नाही. अ‍ॅरे म्हणजे एका ओळीत मांडलेल्या नावांची किंवा आकड्यांची रांग. तिची नक्कल होत नाही, फंक्शनला फक्त तिचा पत्ता कळवला जातो, आणि ते त्या पत्त्यावर जाऊन जे काही करतं ते थेट मूळ रांगेतच होतं.

"समजलं?" मी विचारलं.

"त्यात काय समजाचं आहे?" हे म्हणाले. असं उत्तर देणारी पोरं परीक्षेत काय लिहितात हे मला माहीत होतं, तरी मी पुढे गेले.

मग महालक्ष्म्या आल्या. बेसा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, बहुतेक घरी त्या बसतात आणि जेवण सगळीकडे एकाच दुपारी. सवाष्णी मात्र त्याच त्या. एका घरी पुरणपोळीचा तुकडा, दुसऱ्या घरी आंबिलीचा घोट, तिसऱ्या घरी नुसता पानाला हात, अशी आमची वरात फिरते. सवाष्ण जेवल्याशिवाय घरचं कोणी जेवत नाही, म्हणून घरोघरी माणसं खोळंबलेली. कोणी कोणाकडे केव्हा जायचं ते आपला प्रोग्राम ठरवेल, असं ह्यांनी जाहीर केलं आणि बायकांनीही ते हौसेनं मान्य केलं.

सगळ्या सवाष्णींचा एक अ‍ॅरे केला. प्रत्येक घराच्या वेळी तो फंक्शनला द्यायचा, फंक्शनने त्यातून सवाष्णी निवडायच्या आणि एकच बाई त्याच घरी दोनदा नको म्हणून तिचं नाव खोडायचं. ह्यांनी तपासून पाहिलं ते एकाच घरापुरतं. उत्तर चोख आलं. लगेच प्रत्येकीच्या मोबाइलवर निरोप गेले.

आमच्याकडे माझ्या थोरल्या नणंदबाई राहतात. यजमान गेल्यापासून त्या आमच्यातच आहेत. जीभ तिखट, हात सुगरणीचा. आमच्या घरी महालक्ष्म्या नसतात. त्या दिवशी नणंदबाई आपल्या खोलीत बसून राहतात आणि संध्याकाळी कोणीतरी पाठवलेल्या डब्यातलं जेवतात.

यंदा मला एकच घर आलं. शेजारणीलाही एकच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या दिवशी मांडी घालून पोटभर जेवले. ह्यांचं कौतुक करायचं म्हणून घरी आले, तर फाटकाशी शेवटच्या गल्लीतली सून उभी. तिच्या सासूबाईंचं कंबरेचं ऑपरेशन झाल्यामुळे गावाकडच्या महालक्ष्म्या पहिल्यांदाच तिच्या घरी आल्या होत्या. पहाटेपासून एकटी राबलेली ती पोर, डोळे भरून आलेले.

"काकू, आमच्याकडं कोणीच नाही आलं. नैवेद्य केव्हाचा झाला. सासूबाई गावाहून घडीघडी फोन करून राहिल्या. मी काय सांगू त्यांना? माझ्या हातून काही चुकलं का?"

मी ह्यांचा लॅपटॉप ओढला. चूक समोरच होती. पहिल्या घरासाठी खोडलेली नावं दुसऱ्या घराच्या वेळीही खोडलेलीच राहिली होती, आणि शेवटच्या घरापर्यंत अ‍ॅरे रिकामा झाला होता. म्हणून तर आम्ही सगळ्या एकेका घरी निवांत जेवलो आणि कोणी तक्रारही केली नाही.

"अहो, सांगितलं होतं ना तुमाले, पत्ता जाते म्हणून!"

"मी तर त्याले फक्त पाहायले देलं होतं," हे पडेल आवाजात म्हणाले.

मी दोघीतिघींना फोन लावले. पुरणावर पुरण कोणालाच नको होतं. मी स्वतः गळ्यापर्यंत जेवलेली. तरी म्हटलं, चल, मी पानाला हात लावते. पण पोरीचं लक्ष माझ्यामागे गेलं होतं. नणंदबाई दारात येऊन ऐकत उभ्या होत्या.

"आत्या, तुम्ही जेवल्या?"

"माहं काय, संध्याकाळी डबा येते."

"मग चला ना."

"अवं पोरी, मी नाही चालत. तुही सासू काय म्हणन?"

"त्यांना मी सांगते. देवीपुढं भुकेलं माणूस बसवायचं आहे, अन् या लेआउटमध्ये भुकेल्या आता तुम्हीच आहात."

नणंदबाईंनी भावाकडे पाहिलं. "काहून गा, तुह्या त्या अ‍ॅरेत माहं नाव होतं का?"

 ते नाव कोणत्याच फंक्शनने खोडलं नव्हतं. सख्ख्या भावाने ते लिहिलंच नव्हतं, आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या मलाही त्याची उणीव जाणवली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

"नव्हतं, ताई," हे म्हणाले. उठले, बहिणीच्या चपला शोधून आणल्या आणि तिच्या पायाशी सरळ करून ठेवल्या. "जाय तू."

मीही बरोबर गेले. फुलोऱ्याखाली दोघी महालक्ष्म्या, समोर पाट, पानाभोवती रांगोळी. पोरीने नणंदबाईंचे पाय धुतले तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग पाटावर बसून त्यांनी पहिला घास घेतला. नैवेद्याचा स्वयंपाक कोणी आधी चाखत नाही, त्यामुळे पोर श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत होती.

"आमटीत मीठ नाही वं. आण बरं."

पोर हसत, डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाली. आजवर या दिवशी जे डब्यात आलं ते नणंदबाईंनी मुकाट्याने खाल्लं होतं. आता त्या हात आवरून बसल्या आणि मीठ येईपर्यंत पुढचा घास घ्यायला तयार नव्हत्या.