फळ्यावरचं एकोणनव्वद

कौसल्याबाई रामटेके यांनी किती वर्षं जगायचं हे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ठरलं, आणि ठरवलं ते मनोहररावांनी. गणिताचे प्राध्यापक. माणूस वाईट नव्हता हो, पण हातात खडू आला की कोणाचंही काहीही फळ्यावर मांडून दाखवायची त्यांना भारी खोड.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. तोवर कॉलेजातला मास्तर रिटायर झाला की फंड एकरकमी हातात पडायचा आणि विषय संपायचा. आता नवीन सोय आली होती. पगारातून कापलेलं तुमचं तुम्हाला, पण कॉलेजने फंडात घातलेला वाटा सोडून द्या, म्हणजे मरेपर्यंत महिन्याच्या महिन्याला पेन्शन. मागे बायको असेल तर पुढे तिलाही. काय हवं ते लिहून द्या म्हणाले. बाईंना डिसेंबरात साठ पूर्ण होत होती.

"तुम्ही फंडच घ्या बाई," मनोहरराव म्हणाले. "नवरा नाही, मूल नाही. तुम्ही गेलात की पेन्शन बंद, आणि सोडलेला वाटाही गडप." मग उठून त्यांनी सूचनांच्या फळ्यावर भराभर हिशेब केला, पुसला आणि कोपऱ्यात एकच आकडा ठेवला. १९८९. "एवढं जगलात तर बरोबरी. त्याआधी गेलात तर सरकारचा फायदा."

कोणी हसलं नाही, पण सगळ्यांनी बाईंकडे एकदा पाहून घेतलं. बाईंना दमा होता. जिना चढून आल्या की पाच मिनिटं बोलता यायचं नाही.

बाईंनी कप खाली ठेवला. "मग जगते," त्या म्हणाल्या. "आणि सर, ते साल पुसू नका. राहू द्या तिथेच."

म्हणायला म्हणाल्या, पण कागद काही लगेच भरला नाही. कारण घरी दारात विटा पडल्या होत्या.

त्याचं असं होतं. बाई मूळच्या उमरेडच्या. बाप मागावर लुगडी विणायचा, आणि सुताच्या त्या धुळीतच बाईंचा दमा जन्माला आला. शिकल्या, शाळेत लागल्या, छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली, मग कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला उभ्या राहिल्या. धाकट्या भावाला, देवरावला, नागपुरात आणलं. तिथल्या इंदोरा वस्तीतलं घर बांधलं ते बाईंच्या पगारातून, पण नाव लागलं देवरावचं. त्याचा मुलगा केशव शिकला तोही बाईंच्याच पगारातून. कोणी उपकार मानले नाहीत, बाईंनीही मागितले नाहीत. पण आता केशवने आत्याच्या फंडातून वरचा मजला चढवायचं ठरवलं होतं, आणि आत्याला न विचारता विटांचा ट्रक उधारीवर दारात ओतून घेतला होता! आहे की नाही कमाल?

"विचारलं काहून नाही मले?" बाई म्हणाल्या.

"आता तुले काय विचारायचं वं बाई?" देवराव म्हणाला. लहानपणापासून तो तिला बाईच म्हणायचा. "तुह्यं काय अन् आमचं काय! वरच्या खोलीत तूच तर राहशीन. पोरगं काय परकं हाय?"

परकं नव्हतंच. तिथेच तर गोम होती. बाईंनी केशवला मांडीवर खेळवलं होतं, त्याला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. फंड लिहायचा म्हणून त्या दोन-तीनदा पेन घेऊन बसल्या आणि न लिहिताच उठल्या.

मग एका रविवारी त्या शोभाताईंकडे गेल्या. शोभाताई त्यांच्याच कॉलेजात हिंदी शिकवायच्या, चार वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या, त्याही एकट्या. त्यांचा सगळा फंड पुतण्याच्या कळमन्याच्या दुकानात गेला होता. दुकान छान चाललं होतं, पुतण्या गोड बोलत होता, कोणी छळत नव्हतं. बाईंना चहा आला. बोलता बोलता शोभाताईंना दुसऱ्यांदा चहाची तल्लफ आली. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. "जाऊ द्या," म्हणाल्या, "आत्ताच तर झाला."

पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई, आणि दुसरा कप मागायची हिंमत होईना! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी सकाळी जिना चढून, धापा टाकत, त्यांनी ऑफिसात पेन्शन लिहून दिली.

घरी मात्र सांगितलं नाही. सांगितलं ते निरोपाच्या दिवशी. रिवाजाप्रमाणे कॉलेजची मंडळी बाईंना हार घालून घरापर्यंत पोचवायला आली. दारातल्या विटांना वळसा घालून सगळे आत बसले. देवरावने पेढे वाटले आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "आता बाईच्या हातानंच वरच्या मजल्याची पहिली वीट बसवतो."

"वीट बसव, पण तुह्या पैशानं," बाई म्हणाल्या. "म्या पेन्शन घेतली. माह्या पगारातून कापलेलं येईन, त्याच्यात दोन खोल्या घेऊन राहीन बेझनबागेत."

देवरावच्या हातातलं ताट तसंच राहिलं. पाहुण्यांची पर्वा न करता तो ओरडला, "अन् तू मेल्यावर? काय राहीन आमच्यासाठी?"

"मेल्यावर ना? मंग मेल्यावर इचार. आता म्या जित्ती हाय." एवढं बोलून त्यांना धाप लागली, डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली गेली नाही. मनोहरराव खिडकीबाहेर बघत बसले. ते स्वतः फंड घेणार होते, मुलांच्या घरासाठी.

केशवने आत्याशी बोलणं टाकलं. देवराव पाच-सहा वर्षं फिरकला नाही. बाई बेझनबागेतल्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या आणि दिवसातून वाटेल तितक्या वेळा चहा करून प्यायल्या. कधी शोभाताईंना बोलावून त्यांनाही पाजला. एकटं वाटायचं, खूप वाटायचं. नाही कशाला म्हणायचं?

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं. लोकांना त्याचा कंटाळा. बाईंचा तो सण. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून त्या जायच्या आणि साऱ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "रामटेके. जिवंत आहे."

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात दम्याने त्यांना पार आडवं केलं. महिनाभर मेयो हॉस्पिटलात होत्या. तेव्हा देवराव आला, उशाशी बसला, आणि मग रोज आला. नोव्हेंबर लागला तशी बाईंनी रिक्षा बोलावली.

"यंदा राहू दे वं बाई," तो म्हणाला. "बँकेवाल्याले घरी आणतो."

"मले माह्या पायानं बँकेत शिरायचं हाय. हात दे."

बँकेत बाकावर मनोहरराव बसले होते, पासबुक घेऊन, जरा वाळलेले. बाईंना बघून उठून उभे राहिले. "जयभीम, सर," बाई म्हणाल्या आणि दम खायला थांबल्या. "साल कोणतं?"

मनोहररावांना समजायला एक क्षण लागला. मग ते ओशाळून हसले. "एकोणनव्वद."

"मग आता पुसा."

काउंटरवर त्यांनी सही केली. "रामटेके. जिवंत आहे," आवाज बसलेला, तरी सगळ्यांनी वळून पाहिलं. "आणि पुढच्या वर्षीचाही कागद आत्ताच घेऊन ठेवा."

"असा आधी घेता येत नाही बाई," कारकून म्हणाला.

"बरं," बाईंनी देवरावचा हात धरला. "मग येते पुढच्या वर्षी."