मोताळा रस्त्यावरचं वाकडं शेत

सरकी टोबायच्या आधी शेतात औताने उभ्याआडव्या रेघा पाडतात. रेघा जिथे फुली करतील तिथे बी. रेघ सरळ असली तर तण कापणारा डवरा दोन्हीकडून फिरतो आणि निंदणाचं निम्मं काम बैलच उरकतात. मोताळ्याच्या बाजूला कारभारी नावाच्या गड्याइतकी सरळ रेघ कोणी पाडत नसे. बीटीचं महागडं बी आल्यापासून तर लोक त्याला लग्नाच्या भटजीसारखं आधीच सांगून ठेवत.

अडचण एवढीच, की मजुरीबरोबर जो तो त्याला क्वार्टरही पाजी. नाही म्हणणं हा अपमान. कारभारीने कोणाचाच अपमान केला नाही. पुढे पुढे तर कोणी पाजायची वाट न पाहता तो स्वतःच स्वतःचा मान राखू लागला.

एका मृगात बसरस्त्याला लागून असलेलं घरचं शेत त्याने सकाळपासून मान राखत आखलं. संध्याकाळी त्याला ते झकास दिसलं. सरकी उगवली तेव्हा मात्र येणारीजाणारी प्रत्येक बस हसू लागली. शेजारचे गुलाबराव बांधावर बसून पाहुण्यांना समजावून सांगत, "हे पाहा, इथलोग माणूस शुद्धीत होता. इथं पयली क्वार्टर पोटात गेली. अन् इथून पुढं बैलायनंच त्याले घरी नेलं."

कारभारी पीक मोडायला निघाला. त्याची बायको कोकिळा आडवी आली. "महागाचं बी हाय. मोडसान तं याद राखा. पाहू द्या लोकायले दिवाळीपर्यंत!"

डवरा चालेना, तो गवताबरोबर कपाशीही कापी. मग नवराबायकोने सारं शेत खुरप्याने निंदलं. दुपार झाली की कारभारीचे हात थरथरत, पोटात अन्न टिकत नसे, डोळे पिवळे झालेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं. "अजून वेळ आहे," तो म्हणाला, "फार नाही." औषध सुरू झालं. मध्ये दोनदा पाय भट्टीकडे वळलेच. तिसऱ्यांदा वळले नाहीत.

दारू सुटली, पण पुढच्या मृगात कोणी बोलावलं नाही. गुलाबरावांनीसुद्धा दुसरा माणूस धरला. कारभारीला यकृतापेक्षा ते जास्त दुखलं.

अखेर पिंपळगाव राजाहून अकरमभाई नावाचे शेतकरी आले. खुशीने नव्हे; त्यांचा रेघा पाडणारा माणूस तापाने पडला होता. "एक रेघ पाडून दाखवा, कारभारीभाऊ. वाकडी गेली तं चाय पिऊन घरी जा."

अकरमभाईंच्या शेताच्या कडेला कारभारीने औत धरलं आणि पलीकडे पाहिलं. समोर नजर लावायला झाड नाही, खुंट नाही. बरोबर आलेली कोकिळा शेत ओलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन उभी राहिली, भडक नारिंगी लुगड्यात.

"माह्याकडं पाहा! बैलाकडं नोका पाहू!"

त्याने पाहिलं. लग्न झाल्यापासून बायकोकडे इतका वेळ त्याने सलग पाहिलं नव्हतं. बरीच वर्षं तर नजर चुकवण्यातच गेली होती. रेघ तिच्या पायाशी जाऊन थांबली.

अकरमभाईंनी वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. "शेवटी जराशी कलली."

"ते मी माशी हाकलली म्हणून," कोकिळा म्हणाली.

अकरमभाई हसले. "दुसरी पाडा."

शेत आखून होईस्तोवर दिवस कलला. निघताना अकरमभाईंच्या चुलतभावाने आपल्या शेताचं विचारलं. कारभारीने मान हलवायच्या आत कोकिळा बोलली, "येतो ना. पन मले त्या बांधावर बसाले खाट पाह्यजे."