मुंजियाचा जिवंत गाळ

माझी जाऊ मुंजिया जीन्स धुणाऱ्या कारखान्यात कामाला होती. हात कोपरापर्यंत निळे. लग्नात मेंदी काढायला बसली की बायका म्हणायच्या, "हिला कशाला? हिला कारखान्यानंच रंगवलीय." तीही हसायची. पण त्याच कारखान्याचं काळंनिळं पाणी आमच्या खाडीत जायचं, आणि आम्हा दोघींचे नवरे मच्छीमार. जाळ्यात माशांपेक्षा चिखल जास्त यायला लागला तेव्हा गावानं रस्ता अडवला. मुंजिया थेट आपल्या मालकाच्या गाडीपुढे चटई टाकून बसली. शेजारच्या मोकनीन गावातल्या कारखान्याच्या सांडपाण्याचं काम बघणारा म्हातारा बशीर समजूत घालायला आला, तर तिनं त्यालाही सोडलं नाही. "ते पाणी आधी स्वतः पी, मग सांग मला!"

तिची नोकरी गेलीच असं आम्ही धरून चाललो होतो. पण सरकारी बडगा आला, सांडपाण्याचे हौद बांधणं भाग पडलं, तेव्हा मालक रफीकनं, ज्याला सगळे मानानं 'सी रफीक' म्हणायचे, तिलाच बोलावलं.

"आरडाओरडा तू केलास ना? आता सांभाळ तूच."

"सांभाळते की. पण मग मधेमधे लुडबुड करायची नाही."

उल्फा नावाच्या तरुण इंजिनियर बाईंनी तिला शेजारी बसवून शिकवलं. चुना आणि तुरटी टाकली की नीळ गोळा होऊन तळाशी बसते. उरलेली घाण पुढच्या हौदातला गाळ खातो, कारण तो गाळ जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात त्यात, त्यांना सतत हवा द्यावी लागते. मुंजिया त्यांना मेंढ्या म्हणायची. घरी येऊन सांगायची, "आज माझ्या मेंढ्या पोटभर जेवल्या." खाडीत जाणारं पाणी फिक्या चहासारखं दिसू लागलं.

मग एका रमजानात, ईद तोंडावर आली असताना, घाईघाईत कुणीतरी उरलेल्या ब्लीचची पिंपं हौदाकडे जाणाऱ्या गटारात ओतली. सकाळी मुंजियाचा फोन आला. "सगळ्या मेल्या गं." मी धावत गेले. हौदावर पांढरा फेस आणि कुजल्याचा वास.

सी रफीक तिथेच उभा होता. "काही दिवस पाणी तसंच सोडू खाडीत. माल बोटीवर चढायचाय. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय. आणि ही माझी जाऊ, हिलाही कळलंय. हिच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग काय, ईदच्या तोंडावर सगळ्यांना घरी बसवू?"

हे मात्र तिला लागलं. आत तिच्याच मैत्रिणी राबत होत्या. ती म्हणाली, "साठवणीच्या टाकीत आजचं पाणी मावेल. तेवढा वेळ द्या."

तिनं उल्फाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दुसऱ्या चालू हौदातला ताजा गाळ आणून विरजणासारखा टाका. जवळचा चालू हौद मोकनीनला. म्हणजे बशीरकडे.

"जाऊ नकोस," मी म्हटलं, "तो उट्टं काढेल."

"काढू दे. गरज मला आहे."

फाटकावर बशीरनं तिला ओळखलं. "या बाईसाहेब! आज पाणी पाजायला आलात?"

"नाही काका. मागायला आलेय." आणि तिथंच तिला रडू कोसळलं.

म्हातारा गडबडला. "अगं, रोजा आहे ना तुझा? उन्हात रडू नये, तहान लागते." सगळं ऐकून तो म्हणाला, "गाळ वाढला की आम्ही काढतोच. पण तुला टाकाऊ नाही देणार, उमदा देतो." टँकर भरला आणि स्वतःच ड्रायव्हरशेजारी चढून बसला.

संध्याकाळपर्यंत तो आमच्या हौदाशी होता. "पहिले काही दिवस आजाऱ्याला भरवतात तसं, थोडं थोडं." म्हणजे धुलाई कमी करायला हवी. सी रफीकनं तोंड वाकडं केलं, पण निम्मी यंत्रं बंद ठेवली. रोजा सोडायची बांग झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी हौदाच्या कठड्यावर बसून खजूर आणि मी आणलेलं सूप खाल्लं. मालकही तिथंच, त्याच भांड्यातून.

ईदनंतर गाळाला पुन्हा पावसानंतरच्या मातीचा वास आला. मुंजियानं बाटलीत पाणी धरून उन्हात पाहिलं. पलीकडची लिंबाची बाग त्यातून दिसत होती. ती मोकनीनला गेली आणि वडीलधाऱ्यांना मान द्यायला त्यांच्या डोक्याचं घेतात, तसं तिनं बशीरच्या डोक्यावरच्या लाल टोपीचं चुंबन घेतलं. म्हातारा लाजून लाल झाला.

खाडी अजून पहिल्यासारखी नाही. पण यंदा धक्क्याजवळ बोयट माशांची पिल्लं दिसली. माझा नवरा त्यांना पकडत नाही, नुसता वाकून बघत राहतो. मी नमाजानंतर दुआ मागते तेव्हा मुंजियाचं नाव घेते, बशीरकाकाचं घेते, उल्फाबाईंचं घेते. आणि हो, सी रफीकचंही घेते. यंत्रं त्यानंच बंद ठेवली होती ना.