भर उन्हात बंद सोलर

वादळ निघून गेलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पापड वाळावेत. छपरावर आमचा सोलर चकचकत होता आणि घरात पंखा फिरेना. भिंतीवरच्या त्याच्या डब्याला मी चांगल्या दोन शिव्या घातल्या.

सोलरचा हट्ट माझाच. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि आमच्या जयगडच्या बाजूला वारा शिंकला तरी लाईट जाते. नवरा कंत्राटी वायरमन. त्याने तेव्हाच बजावलं होतं, "बाहेरची लाईन गेली की हा बंद होणार. नाहीतर घरातली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावरचा माणूस जागच्या जागी मरेल. आमची माणसं खाली उतरल्याशिवाय लाईन सोडत नाहीत, ती काय उगाच?" बॅटरी पुढच्या वर्षी लावू, म्हणाला.

आता तो सकाळपासून खाडीकडे कुठल्यातरी खांबावर. फोनला रेंज नाही. रस्त्यावर दोन्ही बाजूंना झाडं आडवी, म्हणजे दवाखान्याचंही नाव नको. जपून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. आबा खाटेवर पुढे वाकून बसलेले, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

शेजारचे भावोजी धावत आले. "वहिनी, माझ्या इन्व्हर्टरमध्ये थोडी धुगधुगी आहे. मशीन नाही चालायचं तिच्यावर, पण सोलरला फसवता येईल. लाईन आली असं वाटलं की तो सुरू होईल."

"आणि वीज बाहेर गेली म्हणजे?"

"मेन स्विच पाडतो की!"

आमचा मेन! खाऱ्या हवेनं गंजून गेलेला. खटका खाली केला तरी आत सुटला की चिकटलेलाच राहिला, देव जाणे. वायरमनच्या घरचा मेन, तो दुरुस्त करायला वायरमनला सवड कुठली! इकडे बाप, तिकडे मुलगा, आणि हो की नाही ते मी सांगायचं. मला रडूच फुटलं. आबांनी मोठ्यानं श्वास ओढला, तशी मी म्हणाले, "जोडा."

आबांनी हात वर केला. "नको गो." मग बराच वेळ नुसता श्वास. "पोरगा खांबावर हाय."

मी उठले आणि डब्याला पाठ लावून उभी राहिले. भावोजी भडकले. "म्हातारा जाईल तुमच्या डोळ्यांदेखत!" मी म्हटलं, तुम्ही घरी जा. ते तणतणत गेले आणि मी पुठ्ठ्यानं आबांना वारा घालत बसले. वाऱ्यानं काय होतंय म्हणा, पण हात थांबेनात. दारातून ऊन आत येत होतं, त्याचा मला इतका राग आला की मी दारच लावून घेतलं.

सिलिंडर संपला. आबांची नखं निळी पडायला लागली. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

ऊन कलताना डोक्यावर काहीतरी करकरलं. पंखा! मशीन टींटीं करायला लागलं. मी धडपडत नळी आबांच्या नाकाला लावली. त्यांचं मशीनकडे लक्षच नव्हतं, ते वर पंख्याकडे बघत होते. दोन श्वास आत गेल्यावर म्हणाले, "उतरला गो तो."